डावीकडची हाडं

३ फेब्रुवारी

मावशी,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला हे फोनवर बोलता येणार नाही, तेव्हा दोघींची सोय पत्रातच आहे. कागद साइटवरचे आहेत. मागे क्रेनने उचलायच्या मालाचे तक्ते छापलेत, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आठ महिने माझी पाठ दुखतेय. दिवसभर क्रेनच्या केबिनमध्ये बसून खाली बघणाऱ्या कुणाचीही दुखेल, असं म्हणून मी मलम चोळत राहिले. गेल्या महिन्यात शिंक आली आणि पाठीत काहीतरी कचकन झालं. श्वास घेता येईना. मग एक्स-रे, मग एमआरआय, मग अख्ख्या अंगाच्या हाडांचा स्कॅन. रिपोर्टांच्या प्रती सोबत आहेत. तू माझ्यापेक्षा नीट वाचशील.

डॉक्टरीणबाई सज्जन आहेत. त्यांनी माझ्या नवऱ्याला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, "हाडांमध्ये बऱ्याच ठिकाणी गाठींसारखं दिसतंय. कॅन्सर दुसरीकडे सुरू होऊन इथे पसरला असावा, असं वाटतं. तो सुरू कुठे झाला ते शोधतोय." स्तन पाहिले, फुफ्फुसं पाहिली, थायरॉइड पाहिलं. कुठेच काही नाही. पाठीतल्या मणक्यात सुई घालून तुकडा काढला, तर उत्तर आलं की कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत पण नमुना अपुरा आहे. त्या म्हणाल्या, सुई चुकली असेल. सातवा मणका ढासळायला आलाय, त्याआधी रेडिएशन देऊ. चोवीस तारीख दिलीय.

मुलीला सांगितलेलं नाही. बारा वर्षांची आहे, पण घरातल्या कुजबुजीचा वास तिला आमच्या आधी लागतो.

तू चाळीस वर्षं काचेवरचे तुकडे बघत आलीस. मला खरं सांग. किती दिवस आहेत?

तुझी
टिल्ली


७ फेब्रुवारी

टिल्ले,

दिवस मोजायचं काम तुझं नाही, माझंही नाही. आधी प्रश्नांची उत्तरं दे.

स्कॅनचं चित्र मी भिंग लावून तीनदा पाहिलं. मणके दोन, बरगड्या तीन, मांडीचं हाड, कवटीची एक बाजू. मणके सोडले तर सगळं डावीकडे. उजवीकडे एक ठिपका नाही. पसरलेला कॅन्सर असा एका बाजूची बाजू घेऊन बसत नाही. एक्स-रेत हाड खाल्लेलं दिसत नाही, फुगलेलं आणि धुरकट दिसतंय, न्हाणीघराच्या खिडकीला लावतात त्या दुधी काचेसारखं.

आता विचारते त्याचं नीट उत्तर दे. लाजू नकोस. एक, अंगावर कुठे कॉफीच्या रंगाचा मोठा डाग आहे का, ज्याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत? दोन, पाळी कितव्या वर्षी आली? तीन, लहानपणी हाड मोडलं होतं का, कोणतं?

तुकड्याच्या मूळ काचा हॉस्पिटलातून मागून घे आणि मला पाठव. रिपोर्ट नको, काचा. तो तुझा हक्क आहे. मी नोकरी सोडली असली तरी प्रयोगशाळेत माझी खुर्ची अजून आहे.

आणि रेडिएशन घेऊ नकोस. मला वाटतंय तेच हे असेल तर किरणांनी फायदा काही नाही. उलट आज साधं असलेलं हाड पुढे खरोखर कॅन्सरचं होऊ शकतं. काचा पाहीपर्यंत थांब.

मावशी


११ फेब्रुवारी

मावशी,

काचा मिळाल्या. देणारा माणूस म्हणाला, "ह्या आजवर कुणी मागितल्या नव्हत्या." कापसात गुंडाळून आजच कुरिअरने पाठवल्यात.

तुझे प्रश्न वाचून मी पलंगावर बसूनच राहिले. पाळी सातव्या वर्षी. दहाव्या वर्षी डावी मांडी मोडली, पलंगावरून उडी मारली म्हणून. डॉक्टर म्हणाले होते की एवढ्याशा उडीने मोडायला नको होती. आणि डाग आहे. मानेच्या मागून डाव्या खांद्यावर, आणि पाठीच्या मधोमध रेघ मारल्यासारखा थांबतो.

पण मावशी, हे तू मला का विचारतेस? लहानपणी सुट्टीत मी तुझ्याकडे असायचे तेव्हा अंघोळ तूच घालायचीस. त्या डागावरून बोट फिरवून हा कुठला देश, हा कुठला देश असं तूच म्हणायचीस. तुला माहीत नाही असं कसं?

बाकी मी बरी आहे. कामावर जाते. घरी बसले की डोकं फिरतं. वर केबिनमध्ये माझ्या पायाखाली ठोकळा आहे (नाहीतर पेडलपर्यंत पाय पोचत नाहीत), खाली माणसं मुंग्यांएवढी, आणि वायरलेसवर शिट्टीवाला. शिट्टीवाला म्हणजे खालून मला इशारे देणारा आमचा माणूस. माल कुठे ठेवायचा ते तो सांगतो, आणि गोंगाटात वायरलेस ऐकू आलं नाही तर शिट्टी वाजवतो. अकरा वर्षं आम्ही बरोबर आहोत. परवा शिडी चढताना माझा बूट जरासा सटकला तर त्याने दिवसभर भुणभुण केली.

टिल्ली


१५ फेब्रुवारी

टिल्ले,

काचा अजून पोचलेल्या नाहीत. मी रोज दोनदा दारात जाऊन उभी राहते. शेजारच्या शिक्षिकाबाई विचारतात, "कुणी यायचंय का?"

डागाचं नंतर बोलू.

कोणता बूट? डावा की उजवा? अकरा वर्षं तू ती शिडी चढतेस, साइटवरचे बूट काट्यासारखे रुततात, ते सटकत नाहीत. पाय सटकतो. पायाला मुंग्या येतात का? अंघोळीच्या वेळी दोन्ही पायांना पाणी सारखंच गरम लागतं का? लघवीला जायला त्रास होतो का? सातव्या मणक्याच्या मागून मज्जारज्जू जातो. मणका मागे सरकला तर तो दबेल, आणि दबलेला रज्जू फार दिवस वाट बघत नाही.

वर चढायचं बंद कर. आजपासून. मी विनंती करत नाहीये.

मावशी


१९ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र एक्सप्रेसने टाकतेय.

डावा. तुझ्यापासून काही लपवून उपयोग नाही, माझ्या अक्षरातूनही तू एक्स-रे काढशील. तीन आठवडे डाव्या पायाला मुंग्या आहेत. गरम पाणी उजव्या पायाला कमी कळतं. डावा पाय दुबळा आणि उजव्याला ऊन कळत नाही, हे कसलं उलटं गणित?

बूट सटकला नव्हता. बेचाळीस मीटरच्या शिडीवर अठ्ठाविसाव्या मीटरला माझा डावा पाय आहे की नाही तेच मला कळेना. मी दोन्ही हातांनी शिडी कवटाळली आणि डोळे मिटले. खालून शिट्टीवाला ओरडत होता, "काय झालं? बोल की!" तो वर आला. माझ्या मागे एक पायरी खाली उभा राहिला, माझा पाय हाताने धरून एकेका पायरीवर ठेवत गेला. खाली यायला पंचवीस मिनिटं लागली. "कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं. तो म्हणाला, "सांगणार नाही, पण तू उद्या वर गेलीस तर क्रेनचा फ्यूज काढून खिशात घालीन." तेव्हापासून घरी आहे, कामावर जाते हे खोटंच लिहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंना पायाचं सांगितलं तर त्या घाबरल्या. म्हणाल्या, आता तर थांबणं धोक्याचं आहे, चोवीसला सकाळी साडेनऊला या. मी तुझं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या मावशी काचा बघतात. मला समोर बसलेलं माणूस बघायचंय. तुमचे पाय गेले तर मी त्यांना काय सांगू?" त्याही खोट्या वाटत नाहीत.

काचा कुठे आहेत? कुरिअरवाला म्हणतो, पोचल्या. तू म्हणतेस, नाही. मी फोन बंद करून ठेवलाय, जो तो विचारतो. तुझ्याकडून काही आलं नाही तर मी चोवीसला जाणार. मी आणखी किती थांबू?

टिल्ली


२३ फेब्रुवारी

टिल्ले,

काचा खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात सहा दिवस पडून होत्या. काल दुपारी त्यांनी आणून दिल्या. मी तशीच प्रयोगशाळेत गेले.

कॅन्सर नाही. पुन्हा लिहिते, कॅन्सर नाही. सुई चुकलेली नव्हती. तंतूंच्या मऊ गादीत कच्च्या हाडाच्या वाकड्या काड्या पडल्यात, कुठे आकडा, कुठे कोर, कुठे तुटकं अक्षर. हाड घडवणाऱ्या पेशींची रांग त्या काड्यांच्या कडेला उभी असायला हवी, ती नाही. ह्याला फायब्रस डिस्प्लेसिया म्हणतात. हाडाच्या जागी पक्कं हाड न होता अर्धवट, तंतुमय काहीतरी भरत राहतं. तू आईच्या पोटात असताना एका पेशीत एक बारीक चूक झाली आणि त्या पेशीपासून झालेलं तेवढंच अंग तसं राहिलं. डाग त्यातलाच, लवकर आलेली पाळीही त्यातलीच. तुझी उंची खुंटली तीही त्या पाळीमुळे.

सकाळपासून शिक्षिकाबाई माझ्यासाठी फोन लावतायत. तुझा बंद. हॉस्पिटलात कुणी म्हणतं, नंतर करा, कुणी म्हणतं, नातेवाइकांनी स्वतः यावं. तुझ्या नवऱ्याचा नंबर माझ्याकडे नाही, हे माझ्या आज लक्षात आलं. तुझ्या कागदांच्या मागे साइटच्या ऑफिसचा नंबर छापलाय. तिथे घंटा वाजते, कुणी उचलत नाही. उद्या सकाळी आठला पुन्हा लावणार आहोत. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा चोवीस उलटून गेलेली असेल. तरी लिहितेय, कारण दुसरी गोष्ट फोनवर शिक्षिकाबाईंच्या तोंडून सांगण्यासारखी नाही.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा तुझी आई तुला घेऊन माझ्याकडे आली होती. रडत होती. मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं. मी म्हटलं, "काही मुली लवकर वयात येतात. गवगवा करू नकोस." तिने केला नाही. तुझी मांडी मोडली तेव्हाही मी म्हटलं, मस्ती करते, मोडेल नाहीतर काय.

तू अठरा वर्षांची असताना एका व्याख्यानात मी एक चित्र पाहिलं. डाग, हाड, लवकर पाळी. बसल्या जागी मला तुझी पाठ दिसली. त्या दिवशी मी तुझ्या आईला पत्र लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. तू धडधाकट दिसत होतीस. दिसतेय ना बरी, मग कशाला, असं म्हणून मी सत्तावीस वर्षं काढली. खरं कारण वेगळं होतं. मी चुकले असं मला माझ्या बहिणीला सांगवेना. मग ती गेली, आणि सांगायला कुणी उरलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. तू होतीस.

मी तेव्हा बोलले असते तर आज कुणाला रोग शोधत बसावं लागलं नसतं.

मावशी


२८ फेब्रुवारी

मावशी,

मी टेबलावर पालथी पडले होते. पाठीवर शाईने खुणा करून झाल्या होत्या. किरणांचं यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, "हलू नका, मी बाहेर जाते." जाड दार बंद व्हायला लागलं आणि बाहेरून शिट्टी आली. एक लांब, न तुटणारी शिट्टी. आमच्याकडे तिचा अर्थ एकच आहे: जिथे आहे तिथे थांब. माझे हात आपोआप पुढे झाले, क्रेनचा खटका सोडायला जातात तसे. मी ओरडले, "थांबा!"

साइटच्या ऑफिसात फोन शिट्टीवाल्याने उचलला होता. हेल्मेट घालून, सिमेंटने माखलेल्या बुटांनिशी तो तसाच आला, दारवान आत सोडेना म्हणून त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात घातली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. तो म्हणाला, "बाई, हिच्या मावशीने काच बघितलीय. कॅन्सर नाही म्हणाली. किरणं दिलीत तर कॅन्सर होईल म्हणाली. फोन चालू आहे, बोला." बाईंनी तिथेच उभ्याने तुझ्या शिक्षिकाबाईंशी अर्धा तास बोलून सगळं लिहून घेतलं. मग माझ्या खांद्यावरचा गाऊन सरकवला आणि डाग बघत राहिल्या. "हा मी रोज बघत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं जन्मखूण." तपासणीसाठी तुकडा मोठ्या केंद्राकडे गेलाय, पण त्यांची खात्री पटलीय.

तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं.

मला शाळेतून काढून आठ दिवस खोलीत बसवलं होतं ते मला आठवतं. आई माझ्याशी बोलायची नाही. मी काहीतरी घाण केलंय असं मला वाटायचं. पुढे किती वर्षं वाटत राहिलं ते मी तुला सांगणार नाही.

एकच विचारायचंय. माझ्या मुलीला हे होईल का? एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.


४ मार्च

नाही.

ही चूक तुझ्या आईकडून तुझ्यात आली नाही आणि तुझ्याकडून तुझ्या मुलीत जाणार नाही. जन्माच्या आधी, अंगाच्या काही पेशींत झालेली आहे, पिढीजात नाही. मुलीला नीट पाहायचं असेल तर पाहून घे, पण घाबरून नको.

पायाचं थांबवू नका. मणक्याचं ऑपरेशन लागेल. सर्जनना विचार की आधी त्या हाडाला रक्त नेणाऱ्या नळ्या बंद करणार का, कारण हे हाड कापलं की रक्त फार जातं. आणि स्क्रू आजारी मणक्यात धरणार नाहीत, वरखालच्या चांगल्या मणक्यांत घालावे लागतील.

बाकी काही लिहिलेलं नाही.


२६ मार्च

मावशींना नमस्कार.

मी तुमचा जावई. आजवर तुम्हाला पत्र लिहिण्याची वेळ आली नव्हती. मी भिंती रंगवतो, लिहायची सवय नाही, समजून घ्या.

ऑपरेशन अठराला झालं. साडेसहा तास. तुम्ही म्हणालात तशा नळ्या आदल्या दिवशी बंद केल्या, तरी चार बाटल्या रक्त लागलं. मज्जारज्जूवरचा दाब काढला, वरच्या दोन आणि खालच्या दोन मणक्यांत स्क्रू घालून सळ्या बसवल्यात. सर्जन म्हणाले, काम चांगलं झालं. पण डावा पाय हलत नव्हता. मी बोटांना गुदगुल्या करायचो, ती छताकडे बघायची. पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी मुलगी पायाशी बसून गृहपाठ करत होती, ती एकदम म्हणाली, "आई, तू पुस्तक ढकललंस." कुणी विश्वास ठेवेना. मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. अंगठा हलत होता.

ती तुमचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. पण तुमचं ते चार तारखेचं पत्र तिने सर्जनना स्वतः वाचून दाखवलं, आणि कागद उशीखाली ठेवलाय. ह्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही. तुम्हाला कळवावं असं वाटलं.

तुमचा
जावई


३० मार्च

जावईबापू,

उपकार झाले. तिला सांगू नका, पण तुमचं पत्र मी शिक्षिकाबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं आणि अंगठ्यापाशी अडकले.

पुढचं लक्षात ठेवा. दुखणं कमी करायला शिरेतून एक औषध देतील, हाड झिजणं मंदावणारं. त्याआधी दात तपासून घ्या आणि रक्तातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फेट बघा. पहिल्या वेळी दोन दिवस ताप येतो, अंग ठणकतं, घाबरू नका. रोग ह्याने जात नाही. त्याला सांभाळत जगायचं असतं. हे तिला डॉक्टरांनीच सांगू द्या, मी सांगितलेलं तिला नको असेल.

मावशी


९ जून

मावशी,

तुमची दोघांची पत्रापत्री मला सापडली. रंगाऱ्याला काही लपवता येत नाही, त्याच्या कपड्यांवर सगळं दिसतं.

मी काठी घेऊन चालते. डावा पाय अजून थोडा ओढला जातो. औषधाच्या पहिल्या बाटलीनंतर दोन दिवस तापाने फणफणले, नवऱ्याने तुझं नाव घेऊन सांगितलं की हे ठरलेलंच आहे. दोन महिन्यांनी एका सकाळी शिंक आली आणि नंतर माझ्या लक्षात आलं, दुखलं नाही. मोठ्या केंद्राचा रिपोर्ट आला. तू म्हणालीस तेच.

शिडी बंद झाली. कायमची. कंपनीने मला नव्या चालकांना शिकवायच्या कामावर घेतलंय, खाली, खुर्चीवर. पहिल्या दिवशी मी मान वर करून केबिनकडे बघत राहिले. शिट्टीवाला शेजारी उभा होता. म्हणाला, "अकरा वर्षं मी इथून बघितलंय. सवय होते."

तुझ्याबद्दल काय वाटतं ते मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं, तुझ्यामुळे मी वाचले. कधी वाटतं, तू बोलली असतीस तर वाचायची वेळच आली नसती. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकत्र कसं धरायचं ते मला येत नाही. शिकेन किंवा नाही शिकणार.

पण एक काम आहे. डॉक्टरीणबाईंना माझी सगळी माहिती जन्मापासून लिहून ठेवायचीय. डाग पहिल्यांदा कुणी पाहिला, तेव्हा केवढा होता, उंची कधी वाढली, कधी थांबली, त्या आठ दिवसांत नक्की काय झालं, आईने काय काय सांगितलं होतं. हे हॉर्मोनच्या डॉक्टरांनाही लागणार आहे, आणि पुढे दर वर्षी कुणी ना कुणी विचारणार आहे. मला सात वर्षांच्या मुलीला आठवतं तेवढंच आठवतं. आई नाही. हे सगळं माहीत असलेली जगात तू एकटीच उरली आहेस.

तेव्हा ये. मी मागते म्हणून नाही, कागदावर लिहायचंय म्हणून ये. माझ्या मुलीने तिच्या खोलीत तुझी गादी घातलीय. मोठ्याने बोलायची ती आत्तापासून सवय करतेय, शेजारी वैतागलेत.

बावीस तारीख, सकाळी साडेनऊ, डॉक्टरीणबाईंकडे. ह्या वेळी उशीर करू नकोस.

टिल्ली